प्रा. दि. ब. देवधर : फळी उभी करणारा कर्णधार

गेल्या दिवाळीत माझा भाचा अमेरिकेहून बारडोलीला आला होता. तो तिथे ज्या कॉलेजात शिकतो, त्या कॉलेजच्या फुटबॉल संघाचे त्याला भारी वेड. हा फुटबॉल आपल्या ओळखीचा नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन, धडका देत खेळायचा तो अमेरिकन खेळ. रात्री जेवणे झाल्यावर त्याने मला मोबाइलवर एक सामना दाखवला. मी आपला सवयीने चेंडूकडे बघत होतो. भाच्याने मात्र मला चेंडू सोडून पुढच्या पाच जणांकडे बघायला लावले. ऑफेन्सिव्ह लाइन म्हणतात ती हीच, आक्रमणाची पुढची फळी. गंमत अशी की हे पाच जण सहसा चेंडू घेऊन पळत नाहीत आणि गुणही मिळवत नाहीत. समोरून येणारी धडक अंगावर घ्यायची, मागच्या खेळाडूला चेंडू फेकायला दोन-तीन सेकंद मिळवून द्यायचे, नाहीतर पळणाऱ्याला वाट करून द्यायची, एवढेच त्यांचे काम. गुणफलकावर त्यांचे नाव येत नाही. म्हणून सामना संपल्यावर प्रशिक्षक चित्रफीत पुन्हा पुन्हा पाहतात. हा कुठे उभा राहिला, समोरच्याला किती वेळ थोपवले, शेजाऱ्याच्या मदतीला गेला का, हे तपासून प्रत्येकाला प्रत्येक चालीचे गुण देतात.

भाचा झोपायला गेला आणि मला राहून राहून प्रोफेसर देवधर आठवू लागले. क्रिकेटमध्येही आपण आघाडीची फळी, मधली फळी असे म्हणतोच. देवधरांचे नाव आपल्या पिढीला देवधर करंडकामुळे ठाऊक आहे. परंतु ज्या माणसाच्या नावाने देशात स्पर्धा झाली, त्याच्या नावावर एकही अधिकृत कसोटी सामना नाही. अशा खेळाडूचे मोल कसे करायचे? या प्रश्नासाठी त्यांचे चरित्र पुन्हा एकदा उलगडून पाहावेसे वाटले.

दिनकर बळवंत देवधरांचा जन्म १४ जानेवारी १८९२ चा, पुण्याचा. पुणे तेव्हा मुंबई इलाख्यातले लष्करी ठाणे होते. गोऱ्या अधिकाऱ्यांचा पूना जिमखाना एका बाजूला आणि गावातल्या हिंदू तरुणांचे क्लब दुसऱ्या बाजूला. त्याच पुण्यात देवधरांच्या आधीच्या काळात बाळू पालवणकर नावाचा डावखुरा फिरकी गोलंदाज घडला. चर्मकार कुटुंबातला हा मुलगा गोऱ्यांच्या जिमखान्यावर नोकरी करत असताना त्यांना सरावाला चेंडू टाकून टाकून तयार झाला. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली जो हिंदी संघ इंग्लंडला गेला, त्यात बाळूंनी ११४ बळी घेतले. बाळूंचे भाऊ शिवराम, गणपत आणि विठ्ठल हेही नावाजलेले खेळाडू होते. पुण्यातल्या क्रिकेटचा पाया ज्यांनी रचला, त्यांत या भावांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते.

त्याच १९११ साली देवधर मुंबईच्या मोठ्या सामन्यांत उतरले. तेव्हाचे संघ धर्मावर पाडलेले असत. एका बाजूला युरोपियन, एका बाजूला पारशी, एका बाजूला हिंदू. पुढच्या वर्षी मुसलमानांचा संघ आला आणि तिरंगी सामन्यांचे चौरंगी झाले. देवधर हिंदू संघाकडून खेळत. पुढे ते पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयात संस्कृतचे प्राध्यापक झाले. हे कॉलेज १९१६ साली न्यू पूना कॉलेज म्हणून सुरू झालेले. सकाळी वर्गात संस्कृत आणि संध्याकाळी मैदानावर बॅट, असा त्यांचा क्रम पडला. क्रिकेटच्या जगात प्रोफेसर म्हटले की ते देवधरच, अशी ओळख त्यामुळे झाली ती कायमची.

त्यांच्या चरित्रातले एक पान मात्र मानाचे नाही, आणि ते गाळून पुढे जाणे बरोबर होणार नाही. १९२० सालच्या चौरंगी सामन्यांत हिंदू संघाचे नेहमीचे कर्णधार म. द. पै पहिल्या सामन्याला उपलब्ध नव्हते. ज्येष्ठता आणि कामगिरी या दोन्ही मापांनी कर्णधारपद विठ्ठल पालवणकरांकडे जायला हवे होते. त्याच वेळी बाळूंनाही संघातून वगळण्यात आले. निवड करणाऱ्यांनी कर्णधार केले ते अठ्ठावीस वर्षांच्या देवधरांना. विठ्ठल आणि शिवराम या दोघा भावांनी निषेध म्हणून संघातून माघार घेतली. मुंबईत त्यावर मोठी चर्चा झाली. जातीकडे पाहून माप लावले गेले, हे उघड होते. अंतिम सामन्याच्या वेळी चूक थोडी सुधारली. पै परतले, बाळूंना उपकर्णधार केले गेले आणि पै काही वेळ मैदानाबाहेर गेल्यावर संघ बाळूंनी सांभाळला. १९२३ साली विठ्ठल स्वतः कर्णधार झाले आणि त्यांच्या नेतृत्वाखाली हिंदू संघ जिंकला.

यात अन्याय निवड करणाऱ्यांचा होता. तरीही ज्या खुर्चीवर देवधर त्या सामन्यात बसले, ती दुसऱ्या कोणाची होती. मोजमाप चुकीच्या काट्यावर झाले की लायक माणूस कसा बाहेर राहतो, हे त्यांनी अगदी जवळून पाहिले. काही वर्षांनी असाच एक काटा त्यांच्याही वाट्याला यायचा होता.

१९२६ च्या हिवाळ्यात आर्थर गिलिगन यांच्या नेतृत्वाखाली एमसीसीचा संघ हिंदुस्थानात आला. मुंबईत सी. के. नायडूंनी हिंदू संघाकडून ११ षटकार मारून १५३ धावा केल्या. त्या खेळीच्या कथा आपल्या आजोबांच्या पिढीने पाठ केल्या होत्या. त्याच दौऱ्यात, मुंबईतच, अखिल हिंदुस्थान संघाकडून देवधरांनी १४८ धावा काढल्या. हिंदी खेळाडू इंग्लिश संघापुढे बरोबरीने उभे राहू शकतात, हा विश्वास या दौऱ्याने दिला आणि पुढे १९२८ च्या डिसेंबरात क्रिकेट नियामक मंडळ स्थापन झाले. आपल्या बारडोलीच्या सत्याग्रहाचे वर्षही तेच.

इंग्लंडमध्ये पहिला अधिकृत कसोटी सामना झाला तो जून १९३२ मध्ये, लॉर्ड्सवर. नायडू कर्णधार होते, वय ३६. देवधर तेव्हा चाळिशीचे होते आणि संघात नव्हते. १९३६ च्या दौऱ्याच्या वेळी ते ४४ वर्षांचे होते. तेव्हाही नाहीच. ऐन उमेदीत होते तेव्हा देशाला कसोटीचा दर्जा नव्हता, आणि दर्जा मिळाला तेव्हा वय आडवे आले. १४८ धावांच्या बळावर मिळणारी जागा जन्मतारखेने घालवली. दुसरा कोणी असता तर बॅट माळ्यावर टाकून निवृत्तीवेतनाचा हिशोब करत बसला असता.

देवधरांचे मोठे काम इथून पुढे सुरू होते.

१९३४ साली रणजी करंडक सुरू झाला. या स्पर्धेत संघ धर्मावर पाडलेले नव्हते, प्रांतावर होते. मुंबई शहराचा संघ वेगळा आणि उरलेल्या महाराष्ट्राचा वेगळा. मुंबईकडे पैसा, मैदाने, वर्तमानपत्रे, सगळेच होते. महाराष्ट्राच्या संघात पुणे, नगर, सांगली अशा गावांतून आलेली मुले. देवधर या संघाचे कर्णधार झाले. मुंबईने पहिली दोन वर्षे, मग नवानगर, हैदराबाद आणि बंगाल यांनी एकेक वर्ष करंडक नेला. आणि त्यानंतर १९३९-४० व १९४०-४१ अशी सलग दोन वर्षे तो देवधरांच्या महाराष्ट्राने जिंकला. पहिल्या वर्षी अंतिम सामन्यात पुण्यात संयुक्त प्रांताला हरवले, दुसऱ्या वर्षी थेट मद्रासला जाऊन मद्रासला. तेव्हा कर्णधार पन्नाशीला टेकला होता.

भाच्याच्या त्या अमेरिकन प्रशिक्षकाची पट्टी घेऊन हा संघ तपासून पाहू या.

पहिला प्रश्न, हा कुठे उभा राहिला? १९३९-४० च्या हंगामात पुण्यात महाराष्ट्र विरुद्ध बडोदा असा सामना झाला. त्यात सांगलीच्या विजय हजारे यांनी नाबाद ३१६ धावा केल्या. रणजी करंडकातले हे पहिले त्रिशतक. सगळ्या पुस्तकांत हा आकडा आहे. पण धावफलक नीट वाचला तर दिसते की आठ गडी बाद झाल्यावर हजाऱ्यांना दुसऱ्या टोकाला नगरवाला येऊन मिळाले आणि नवव्या गड्यासाठी दोघांनी २४५ धावांची भागीदारी केली. खालच्या क्रमांकाच्या फलंदाजाने त्या दिवशी टोक सोडले असते तर हजारे किती धावांवर नाबाद राहिले असते, याचा विचार करावा. ३१६ च्या खाली पायासारखे नगरवाला आहेत.

यात आणखी एक गोष्ट आहे. हजारे ख्रिस्ती होते, नगरवाला पारशी. मुंबईच्या सामन्यांत १९३७ पासून पाचवा संघ आला होता, त्याला उर्वरित म्हणत. हजारे त्या संघात खेळत. म्हणजे मुंबईत हे दोघे वेगवेगळ्या तंबूंतले, एकमेकांविरुद्धचे. पुण्यात मात्र एका ब्राह्मण प्रोफेसराच्या संघात ते एकाच खेळपट्टीवर एकमेकांसाठी धावत होते. १९२० साली ज्या माणसाला जातीच्या काट्यावर तोलून कर्णधार केले, त्याच्या संघात वीस वर्षांनी हे चित्र दिसावे, ही मला त्यांच्या चरित्रातली सर्वांत समाधानाची गोष्ट वाटते.

दुसरा प्रश्न, किती वेळ थोपवले? १९४०-४१ मध्ये पुण्यात महाराष्ट्राची गाठ मुंबईशी पडली. रणजी सामन्यात निकाल लागला नाही तर पहिल्या डावात ज्याच्या धावा जास्त तो पुढे जातो. महाराष्ट्राने ६७५ धावा केल्या. त्यात देवधरांच्या एकट्याच्या २४६. त्यांच्या आयुष्यातली ही सर्वांत मोठी खेळी, आणि ती वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी. मुंबईनेही हार मानली नाही. खंडू रांगणेकरांनी द्विशतक ठोकले आणि मुंबई ६५० पर्यंत येऊन थांबली. महाराष्ट्र पुढे गेला तो २५ धावांनी.

हा पंचवीसचा आकडा मला फार बोलका वाटतो. २४६ धावा सर्वांच्या लक्षात राहिल्या, आणि त्या राहायलाच हव्यात. पण ६७५ मधून २४६ वजा केले तर ४२९ उरतात. त्या इतरांच्या आहेत. कोणी तीस काढल्या असतील, कोणी नवा चेंडू जुना होईपर्यंत तग धरून बाद झाला असेल, कोणी क्षेत्ररक्षणात झेप घेऊन एक चौकार अडवला असेल. सहा-सात चौकार इकडचे तिकडे झाले असते तर करंडक पुण्याला आला नसता. शिवाय २४६ काढून थकलेला अठ्ठेचाळीस वर्षांचा कर्णधार मुंबईच्या ६५० धावा होईपर्यंत उन्हात संघ सांभाळत होता, हेही धरायचे. त्याची नोंद करायला धावफलकात रकाना नसतो.

तिसरा प्रश्न शेजाऱ्याचा. खेळाडूच्या शेजारी उभे राहून इतर मोठे झाले का? रंगा सोहोनी याच संघात घडले. त्यांची सर्वोच्च खेळी, नाबाद २१८, याच काळातली. १९४६ साली ते भारतीय संघातून इंग्लंडला गेले. चंदू सरवटे काही वर्षे महाराष्ट्राकडून खेळले, तेही त्याच दौऱ्यावर होते. आणि हजारे! १९४१ च्या सुमारास ते बडोद्याला गेले आणि आपल्या गुजरातचेच झाले. बडोद्याच्या मैदानावर १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात गुल महंमद यांच्याबरोबर त्यांनी ५७७ धावांची भागीदारी रचली. फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला भारताने पहिला कसोटी विजय मिळवला, तेव्हा कर्णधार हजारेच होते. ज्या बडोद्याविरुद्ध त्रिशतक काढले त्याच बडोद्याने त्यांना पुढे आपले मानले. आपण मराठी माणसे गुजरातेत येऊन रुजलो, त्यांना ही गोष्ट वेगळी समजावून सांगायला नको.

दुसऱ्या टोकाचे मोल किती, हे हजाऱ्यांनी पुढे आणखी एकदा दाखवले. १९४३ सालच्या पंचरंगी सामन्यात त्यांनी संघाच्या ३८७ पैकी ३०९ धावा एकट्याने केल्या. त्यातल्या तीनशे धावांच्या भागीदारीत त्यांचे भाऊ विवेक यांच्या धावा होत्या फक्त २१. धावांनी मोजाल तर विवेक नापास. फळी किती वेळ उभी राहिली, हे मोजाल तर पहिल्या वर्गात उत्तीर्ण.

देवधर एवढ्यावर थांबले नाहीत. १९४४ साली नवानगरविरुद्ध एकाच सामन्यात त्यांनी १०५ आणि १४१ अशी दोन्ही डावांत शतके केली. वय ५२. पहिल्या महायुद्धाच्या आधी सुरू झालेली त्यांची प्रथम श्रेणीची कारकीर्द दुसरे महायुद्ध संपल्यावरच आवरली. ८१ सामने, ४५२२ धावा, सरासरी ३९ च्या वर. यातल्या अनेक धावा अशा वयात केलेल्या आहेत, ज्या वयात आपण जिना चढताना कठड्याला धरतो.

खेळ थांबल्यावरही क्रिकेट सुटले नाही. लेखन, संघटनेचे काम, नव्या मुलांचा खेळ पाहणे चालूच राहिले. घरातही खेळाचेच वारे. तारा, सुंदर आणि सुमन या त्यांच्या मुलींनी १९४० च्या दशकात राष्ट्रीय पातळीवर बॅडमिंटन गाजवले. मुलींनी मैदानावर उतरणे सहज मानले जात नव्हते, त्या काळातली ही गोष्ट. घरातली ही फळीही प्रोफेसरांच्या हिशोबात धरली पाहिजे.

मानसन्मान उशिरा आले, पण आले. १९६५ साली पद्मश्री, १९९१ साली पद्मभूषण. १९७३-७४ पासून विभागीय संघांची मर्यादित षटकांची स्पर्धा त्यांच्या नावाने सुरू झाली. १९९२ च्या जानेवारीत त्यांनी वयाचेही शतक पुरे केले. २४ ऑगस्ट १९९३ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. कसोटी सामन्यांच्या रकान्यात शेवटपर्यंत शून्यच राहिले.

त्या शून्याने मला सुरुवातीला चुटपुट लागत असे. आता तितकी लागत नाही. कसोटीचा रकाना हा एक काटा झाला. त्या काट्यावर देवधर भरत नाहीत, तसे बाळू आणि विठ्ठल पालवणकरही भरत नाहीत. दोष काट्याचा आहे. पण काटा अपुरा आहे म्हणून मोजायचेच नाही, असेही नाही. त्या अमेरिकन प्रशिक्षकासारखे बसून, एकेक चाल पुन्हा पाहून, प्रत्येकाचे काम प्रत्येकाच्या नावावर लिहावे लागते. त्याला वेळ लागतो आणि मन स्वच्छ लागते.

आपल्या बारडोलीला हे नवीन नाही. १९२८ च्या लढ्यात वल्लभभाईंना सरदार ही पदवी याच तालुक्याने दिली. परंतु जप्ती आली तरी सारा न भरता, म्हशी घरात कोंडून घेऊन बसलेल्या शेतकऱ्यांची आणि त्यांच्या बायकांची फळी उभी राहिली, म्हणून तो लढा जिंकला. त्यांतली किती नावे आपल्याला येतात? तसेच आपल्या घरांचे. तापी खोऱ्याच्या रेल्वेने कोणी खानदेशातून, कोणी आणखी लांबून इथे आले. कोणी साखर कारखान्यात, कोणी शाळेत, कोणी दुकानात राबले. मुले शिकली, सुरतेला, परदेशात गेली. मुलांच्या पदव्या भिंतीवर लागल्या. त्यांच्या मागे धडक अंगावर घेणारी आई कुठल्या चौकटीत आहे?

म्हणून गणेशोत्सवाच्या निमित्ताने मंडळापुढे एक लहानशी सूचना ठेवतो. मुलांचे सामने आपण भरवतो, तेव्हा सर्वोत्तम फलंदाज आणि सर्वोत्तम गोलंदाज अशी दोन बक्षिसे असतात. ती राहू द्यावीत. त्याबरोबर एखाद्या जाणत्या माणसाने सीमारेषेवर वही घेऊन बसावे आणि कोणी टोक धरले, कोणी दुसऱ्यासाठी धावून स्वतः बाद झाला, कोणी हरलेल्या सामन्यात शेवटपर्यंत क्षेत्ररक्षण सोडले नाही, हे लिहावे. आरतीनंतर बक्षीस समारंभात ती पाने मोठ्याने वाचावीत. वहीवर प्रोफेसर देवधरांचे नाव घालावे. आणि पहिल्या पानावर, त्या मुलांना कळावे म्हणून, नवव्या गड्यासाठी २४५ धावा होईपर्यंत उभे राहिलेल्या नगरवालांची गोष्ट लिहून ठेवावी.

गणपती बाप्पा मोरया!